फिश टँकमधली झाडं का मरतात? रायगडच्या किनाऱ्यावर टिकतील अशा ८ सोप्या वनस्पती

रीलमध्ये दिसणारा फिश टँक हिरवागार असतो. तो बघून आपणही दुकानातून चार-पाच झाडं आणतो, खडीत खोचतो आणि फोटो टाकतो. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडतात, मग तपकिरी होतात, मग काचेवर शेवाळ चढतं. दुकानदार म्हणतो, ‘औषध टाका’. यूट्यूब म्हणतं, ‘कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावा’. शेवटी कंटाळून आपण प्लास्टिकची झाडं आणतो.

यात बहुतेक वेळा झाड खराब नसतं. ‘सोप्या वनस्पतीं’ची जी यादी पाहून ते आणलेलं असतं, ती यादी दुसऱ्याच कुठल्यातरी पाण्यासाठी केलेली असते. युरोप-अमेरिकेतल्या घरात टँकचं पाणी गरम ठेवायला हीटर लागतो. अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या घरात मे महिन्यात पाणी गार कसं ठेवायचं, हा प्रश्न असतो. त्यात विहिरीचं जड पाणी आणि मध्येच जाणारी वीज.

म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एकच नियम लक्षात ठेवा : झाड निवडताना आजचं पाणी बघू नका, मे महिन्यातलं पाणी बघा. जे मे महिन्यात टिकेल, ते वर्षभर टिकेल.

थोडक्यात सांगायचं तर

- पाणी जड असेल तर : व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, जलब्राह्मी.
- टँकमध्ये उजेड कमी असेल तर : अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन.
- काहीच जमत नसेल तर : मनी प्लांट, फक्त मुळं पाण्यात.
- काहीही लावलंत तरी : छाटलेला तुकडा तळ्यात, ओढ्यात, विहिरीत टाकू नका. कारण लेखाच्या शेवटी आहे.

‘कमी देखभाल’ म्हणजे नेमकं काय?

पाण्यातल्या झाडालाही जमिनीवरच्या झाडासारख्याच तीन गोष्टी लागतात : उजेड, खत आणि कार्बन. खत माशांच्या विष्ठेतून मिळतं. उजेड दिव्यातून मिळतो. अडचण कार्बनची असते. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. त्यामुळे पाण्यातलं झाड कायम अर्धपोटी असतं.

आता अशा टँकवर जोरदार दिवा लावला की काय होतं? झाडाला वाढायचं असतं, पण कार्बन पुरत नाही. उरलेला उजेड आणि खत शेवाळ वापरतं. म्हणून मोठा दिवा घेतला की कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घ्यावा लागतो, सिलिंडर आला की वेगळं खत लागतं आणि खत आलं की दर आठवड्याला छाटणी. याला ‘हाय-टेक’ टँक म्हणतात.

कमी देखभालीचा टँक याच्या उलट चालतो. दिवा मध्यम, वाढ मंद, खर्च कमी. त्यात दोन प्रकारच्या वनस्पती तग धरतात. एक, ज्या मुळातच हळू वाढतात आणि ज्यांची भूक कमी असते, उदाहरणार्थ अनुबियास. दोन, ज्यांना पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो, उदाहरणार्थ व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आणि हायड्रिला. जड पाण्यात हे बायकार्बोनेट भरपूर असतं. म्हणजे जे पाणी इतर झाडांना नकोसं होतं, तेच या झाडांना मानवतं.

आधी आपलं पाणी ओळखा

रायगडच्या किनारपट्टीत एकाच तालुक्यात पाण्याचे तीन-चार प्रकार सापडतात. नळाचं पाणी वेगळं, डोंगराकडच्या गावातल्या विहिरीचं वेगळं आणि समुद्रालगतच्या वाडीतल्या विहिरीचं आणखी वेगळं. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गीझरमध्ये आणि पातेल्यात पांढरा थर धरतो, असं असेल तर पाणी जड आहे. चवीला किंचित खारट, म्हणजे मचूळ लागत असेल तर त्यात समुद्राचा क्षारही आहे. घरी आरओ फिल्टर असेल तर त्याच्या सर्व्हिसिंगला येणाऱ्या माणसाकडे टीडीएस मीटर असतो. त्याला नळाचं आणि विहिरीचं, दोन्ही पाणी मोजायला सांगा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण चांगलं मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. तुमचा आकडा ५०० च्या बराच वर असेल तर नाजूक झाडांच्या नादी लागू नका.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने पाणी गोडं असतं. एप्रिल-मे उजाडतो, उपसा वाढतो, पातळी खाली जाते आणि तेच पाणी मचूळ व्हायला लागतं. ऑगस्टमध्ये लावलेलं झाड एप्रिलमध्ये अचानक का कुजलं, याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ग्रामपंचायतीही विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर टाकतात. असं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, शक्य असेल तर त्यात हवेचा पंप चालवला, की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवर दिलेल्या प्रमाणात वापरा.

नुसतं आरओचं पाणी मात्र टँकमध्ये भरू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि झाडांना, माशांना थोडे क्षार लागतातच. फार जड पाणी सौम्य करायला आरओचं किंवा पावसाचं पाणी मिसळणं ठीक. पावसाचं पाणी घ्यायचं तर पहिले काही पाऊस जाऊ द्या, छपरावरची धूळ आणि घाण धुऊन निघाली की मग साठवा.

उन्हाळा, वीज आणि मासे

पाणी तापलं की त्यात मावणारा ऑक्सिजन कमी होतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला साधारण ७.५. फरक कमी वाटतो, पण गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन जास्त लागतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढाताण होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘टँकमध्ये झाडं आहेत, म्हणजे ऑक्सिजनची काळजी नाही’, असं अनेकांना वाटतं. झाडं ऑक्सिजन देतात ती उजेडात. अंधारात तीही माशांसारखाच ऑक्सिजन वापरतात. म्हणजे रात्री लाइट गेली, पंप बंद पडला आणि टँक झाडांनी गच्च भरलेला असेल, तर पहाटेपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतील.

रायगडकरांना वेगळं सांगायला नको की लाइट किती काळ जाऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच्या किनाऱ्यावर धडकलं. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन भागात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावांत वीज कित्येक दिवस आली नाही. असं वादळ रोज येत नाही, पण जून-जुलैमध्ये रात्रभर अंधार ही नेहमीची गोष्ट आहे.

त्यामुळे टँक लावतानाच तयारी ठेवा. यूएसबीवर चालणारा छोटा हवेचा पंप घ्या, तो पॉवर बँकवर चालतो. तोही नसेल तर दर थोड्या वेळाने मगभर पाणी काढून हातभर उंचीवरून परत टँकमध्ये ओता. लाइट नसताना माशांना खाणं देऊ नका, कारण न खाल्लेलं खाणं कुजतं आणि ऑक्सिजन आणखी कमी होतो. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींनी पृष्ठभाग झाकला असेल तर निम्म्या काढून टाका. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो तिथूनच.

टिकणाऱ्या ८ वनस्पती

१. व्हॅलिस्नेरिया
गवताच्या लांब पात्यांसारखी पानं. आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ ओढ्यांतही ती आढळते. जड पाणी चालतं, ऊन चालतं, किंचित मचूळपणाही चालतो. मुळाजवळून आडवे धागे फुटतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला नवं रोप येतं. लावताना मुळं खडीत, पण पानं जिथून फुटतात तो पांढरट भाग वर ठेवा, तो गाडला तर रोप कुजतं. दुकानात ‘लिक्विड कार्बन’ नावाने जे द्रव मिळतं, ते या झाडाला मानवत नाही. ते टाकल्यावर पानं विरघळल्यासारखी होतात.

२. हॉर्नवर्ट
कोल्ह्याच्या शेपटीसारखी दिसणारी, सुईसारख्या पानांची वनस्पती. हिला मुळं नसतात. पाण्यात सोडून दिली तरी वाढते, त्यामुळे खडी नसलेल्या टँकलाही चालते. पाण्यातलं जास्तीचं खत झपाट्याने शोषते, म्हणून शेवाळाला आळा बसतो. गप्पीची पिल्लं लपायला ही उत्तम जागा. आणल्यावर पहिल्या आठवड्यात पानं गळतात, घाबरू नका, गळलेली पानं जाळीने काढा. ‘लिक्विड कार्बन’ हिलाही नको.

३. जलब्राह्मी
शास्त्रीय नाव बकोपा मोनिएरी. जाडसर, छोटी, मांसल पानं. दलदलीत, शेताच्या बांधालगत आणि किनाऱ्याजवळच्या ओलसर जागांत ती वाढते आणि मचूळ पाणी सहन करते, म्हणून समुद्रालगतच्या घरांसाठी ती फार सोयीची. सावकाश वाढते. फांदी तोडून खडीत खोचली की नवं झाड तयार. एक गोष्ट तपासून घ्या : आपल्याकडे नर्सरीत ‘ब्राह्मी’ म्हणून मंडूकपर्णीही देतात. तिचं पान गोलसर, बेडकाच्या पायासारखं आणि लांब देठाचं असतं. ती कुंडीत छान, टँकमध्ये नको.

४. अनुबियास
मूळ पश्चिम आफ्रिकेतली. गडद हिरवी, चामड्यासारखी जाड पानं. कमी उजेडात राहते, वर्षाला मोजकीच पानं काढते. इतरांपेक्षा महाग असते, पण टिकतेही वर्षानुवर्षं. हिचं आडवं खोड आल्याच्या गड्ड्यासारखं दिसतं. ते खडीत पुरायचं नाही. सुती दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधा, काही आठवड्यांत मुळं स्वतःच घट्ट धरतात. पुरलं तर खोड कुजतं. अनुबियास मरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे.

५. जावा फर्न
नेच्याच्या जातीची वनस्पती. अनुबियाससारखीच दगडाला बांधायची. कमी उजेड चालतो आणि बहुतेक मासे ती खात नाहीत. पानांच्या खाली काळे ठिपके दिसले की लोक रोग समजून पान तोडतात. ते ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके असतात. जुन्या पानाच्या टोकावर छोटी रोपं फुटतात, तीही तशीच राहू द्या. मोठी झाली की वेगळी करून दुसऱ्या दगडाला बांधता येतात.

६. क्रिप्टोकोरीन
दुकानात जास्त करून श्रीलंकेतली ‘वेंडटी’ ही जात मिळते. हिचे नातेवाईक आपल्याच मातीत आहेत. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या जाती पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात, भातखाचरांत आणि ओढ्यांत वाढतात. हिला मुळातून खत लागतं, म्हणून खडीखाली थोडी माती किंवा मुळाजवळ खताची गोळी ठेवा. नव्या टँकमध्ये लावल्यावर हिची सगळी पानं विरघळून जाऊ शकतात. उपटू नका. मुळं जिवंत असतात, महिन्याभरात नव्या पाण्याला सरावलेली पानं येतात. एकदा लावली की जागा बदलू नका.

७. जावा मॉस
लाकडावर, दगडावर पसरणारं हिरवं मखमली आवरण. कोळंबी आणि पिल्लांसाठी चांगलं. पण ते गारव्यात खुलतं. उन्हाळ्यात टँकचं पाणी ३० अंशांच्या वर राहत असेल तर तपकिरी पडतं. तळमजल्यावरच्या, कौलारू, गार घरात लावा. पत्र्याखालच्या खोलीत याच्यावर पैसे घालवू नका.

८. मनी प्लांट
ही पाण्याखालची वनस्पती नाही, तरी यादीत हवीच. वेलाचा तुकडा टँकच्या काठावर असा अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. पानं हवेत असल्यामुळे कार्बनची चणचण नाही, त्यामुळे वाढ जोमाने होते आणि पाण्यातलं नायट्रेट मुळं शोषून घेतात. ज्यांच्याकडे गोल्डफिश आहेत, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सुटसुटीत उपाय. पानांचा चीक तोंडात गेला तर चुरचुरतं, म्हणून लहान मुलं आणि मांजर यांच्यापासून वेल दूर ठेवा.

दुकानात काय बघायचं?

काही दुकानांत जमिनीवरची झाडं पाण्यात बुडवून ‘अ‍ॅक्वेरियम प्लांट’ म्हणून विकली जातात. लकी बांबू, सिंगोनियम, पीस लिली आणि रंगीत पट्ट्यांची ड्रॅसिना ही नेहमीची उदाहरणं. पूर्ण बुडवली की ती काही आठवड्यांत कुजतात आणि पाणी खराब करतात. ओळखायची साधी खूण : रोप पाण्याबाहेर धरल्यावर काठीसारखं ताठ उभं राहत असेल तर शंका घ्या. पाण्यातल्या बहुतेक झाडांची देठं मऊ असतात, बाहेर काढली की लोळागोळा होतात. अनुबियास आणि क्रिप्टोकोरीन याला अपवाद आहेत, त्यामुळे नावही विचारून घ्या.

मुंबईहून झाडं आणणार असाल तर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत थोडी हवा ठेवून तोंड बांधा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणाऱ्या रो-रोत किंवा गेटवेच्या लाँचमध्ये पिशवी उन्हात ठेवू नका. एवढ्यानेही मऊ पानांची झाडं उकडतात.

घरी आणल्यावर झाड थेट टँकमध्ये टाकू नका. त्याच्याबरोबर गोगलगायी येतात. लिटरभर पाण्यात छोटा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात झाड दोन-तीन तास ठेवा आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. गोगलगायींची अंडी यातूनही वाचू शकतात, पण बरीचशी भानगड कमी होते. नर्सरीतून आणलेल्या झाडावर कीटकनाशक असू शकतं, ते आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. बादलीत डास अंडी घालतात, म्हणून पाणी बदलण्यात खंड नको.

समुद्रावरची वाळू आणि शिंपले नकोत

किनाऱ्यावर राहणाऱ्यांकडून होणारी ही खास चूक. फिरायला गेलो की पिशवीभर वाळू आणि शिंपले उचलून आणतो, धुऊन टँकमध्ये घालतो. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात हळूहळू विरघळतं आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करतं. समुद्राच्या वाळूतही शिंपल्यांचा चुरा असतो.

कुठलाही दगड किंवा वाळू वापरण्याआधी त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर ती वस्तू टँकमध्ये नको. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, या चाचणीत साधारणपणे पास होतो आणि अनुबियास बांधायला तो छान. प्रवाळ तर उचलूच नका, समुद्रातली दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

तळाला दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली खडी किंवा जाड रेती, साधारण दोन इंच. एवढं पुरे.

आठवड्याला किती काम?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ भरलं तर सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. त्याचं काम आठवड्याला अर्ध्या तासाच्या आत होतं.

दिवा : रोज ६ ते ८ तास. टायमर लावा. सुरुवात ६ तासांनी करा. खिडकीचं थेट ऊन टाळा, त्याने पाणी तापतं आणि शेवाळ वाढतं.

पाणी : आठवड्याला एक पंचमांश ते पाव पाणी बदला. इथे एक महत्त्वाची गोष्ट. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टँकमध्येच राहतात. आपण वरून पुन्हा विहिरीचं पाणी ओतलं की क्षारांची भर पडते. असं महिनाभर केलं की टँकमधलं पाणी विहिरीपेक्षाही जड होतं. नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आधी जुनं काढा, मग नवं घाला.

छाटणी : कुजकं पान दिसलं की काढा. हॉर्नवर्ट महिन्यातून एकदा निम्मं करा.

फिल्टर : त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. ते पाणी नंतर माडाला किंवा कुंड्यांना घाला, त्यात खत असतं.

मासे कोणते?

गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना किंचित जड पाणी आवडतं, म्हणून ते या झाडांबरोबर जमतात. गोल्डफिश मऊ पानं खातात, त्यांच्यापुढे अनुबियास, जावा फर्न आणि मनी प्लांटच टिकतात. फ्लॉवरहॉर्नसारखे मोठे मासे खडी उकरतात, तिथे लावलेलं काही राहत नाही.

छाटलेला तुकडा कुठे टाकता?

कमी देखभालीची वनस्पती म्हणजे कुठल्याही पाण्यात, कुणी लक्ष न देता वाढणारी वनस्पती. टँकमध्ये हा गुण असतो. तळ्यात तोच धोका होतो.

जलपर्णी हे आपल्याला रोज दिसणारं उदाहरण. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या सौंदर्यामुळे भारतात आणली गेली. आज पवई तलाव, उल्हास नदी, पुण्याची मुळा-मुठा अशा ठिकाणी ती काढण्यासाठी पुन्हा पुन्हा मोहिमा काढाव्या लागतात. २०२० मध्ये केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातल्या एका ओढ्यावर गुलाबी फुलांचा गालिचा पसरल्याचे फोटो सोशल मीडियावर खूप फिरले, लोक बघायला गर्दी करू लागले. ती फुलं कॅबोम्बा या दक्षिण अमेरिकी वनस्पतीची होती. कॅबोम्बा फिश टँकमध्ये लावली जाते. फोटो सुंदर होता, पण तो ओढा गुदमरत होता.

हे उलटंही घडलं आहे. हायड्रिला आपल्या तळ्यांतली साधी वनस्पती. १९५० च्या दशकात ती फिश टँकच्या व्यापारातून अमेरिकेच्या फ्लोरिडात पोहोचली, कालव्यांत सुटली आणि तिथल्या जलाशयांसाठी मोठी डोकेदुखी ठरली. आपल्याकडची गरीब वनस्पती परक्या पाण्यात दांडगी झाली.

रायगडच्या किनाऱ्यावर हे जास्त जपायला हवं. इथे गावोगाव तळी आहेत, चौलच्या रामेश्वर मंदिरासमोर पुष्करणी आहे, वाड्यांना विहिरींचं पाणी जातं. पावसाळ्यात गटार, ओढा, भातखाचर आणि तळं यांच्यातल्या सीमा राहत नाहीत. परसातल्या नाल्यात टाकलेला हॉर्नवर्टचा बोटभर तुकडा दोन पावसांत कुठेही जाऊ शकतो. काही वनस्पतींना वाढायला तेवढा तुकडा पुरतो.

म्हणून छाटलेलं सगळं गच्चीवर किंवा अंगणात कडकडीत वाळवा आणि मग कंपोस्टमध्ये किंवा माडाच्या आळ्यात टाका. टँक बंद करायचा असेल तर झाडं आणि मासे ओळखीच्या कुणाला द्या किंवा दुकानात विचारा. मासेही तळ्यात सोडू नका.

आणि तळ्यातून, ओढ्यातून झाडं उपटूनही आणू नका. एक तर त्यांच्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, त्या अळ्या माशांची पिल्लं खातात. दुसरं म्हणजे पाण्यातल्या काही स्थानिक वनस्पती फार थोड्या जागी उरल्या आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर दिसणारा वायतुरा टँकमधल्या अपोनोजेटॉनचाच भाऊबंद आहे आणि तो धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोडतो.

मग सुरुवात कशाने करायची?

पाणी मचूळ किंवा फार जड असेल तर व्हॅलिस्नेरियाची पाच-सहा रोपं मागे, जलब्राह्मी पुढे आणि काठावर मनी प्लांट. नळाचं साधं पाणी आणि कमी उजेड असेल तर दगडाला बांधलेली अनुबियास, एक जावा फर्न आणि मूठभर हॉर्नवर्ट. मासे लगेच सोडू नका. झाडं लावून दोन-तीन आठवडे टँक तसाच चालवा, या काळात डास होऊ नयेत म्हणून वर बारीक जाळी घाला. मग आधी दोन-चार गप्पी सोडा आणि पंधरा दिवस बघा.

शक्य असेल तर टँक आत्ता लावा, पण नवी महागडी झाडं मे महिना पार पडल्यावरच घ्या. तोपर्यंत आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात काय करतं, हे तुम्हाला स्वतःच्या टँकमध्ये दिसलेलं असेल.